अकरावी शाल

करंजगडात दवंडी पिटली गेली, की महाराजांना चाळीस नव्या तोफा ओतायच्या आहेत, तेव्हा दर घराने आपला तांब्याचा हंडा खंडेनवमीच्या आत सरकारजमा करावा. लढाई कोणाशी, हे दवंडीवाल्यालाही ठाऊक नव्हते. शेजारचा राजा तर महाराजांचा सख्खा साडू. या दोघांचे भांडण झालेच तर पंक्तीत आधी कोणाला वाढले यावरून व्हायचे.

दारूखान्यात तोफेची दारू चाळणाऱ्या ठकूकडे एकच हंडा होता, आईने दिलेला, पोचा आलेला. नदी अर्धा कोस लांब. हंडा गेला तर पाणी काय ओंजळीतून आणायचे? ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आहेत त्या तोफांत चिमण्यांनी घरटी केलीत. नव्या कशाला?"

"माझे दहाच्या दहा मानकरी हव्यात म्हणतात," उदाजी महाराज म्हणाले.

"ते कुठले म्हणतात! त्यांच्या तोंडून मल्लाप्पाशेट बोलतात. शेटजींनी सगळ्यांचे हात ओले केलेत."

मल्लाप्पाशेट म्हणजे तोफा ओतून देणारे मक्तेदार. ते तिथेच लोडाला टेकून बसले होते. त्यांनी नुसती मिशी कुरवाळली. प्रधानजींनी मात्र कानांना हात लावले.

"शिव शिव! शेटजींच्या घरचं पानसुद्धा आम्ही कोणी खाल्लेलं नाही."

बाकीच्या नऊ जणांनी एका तालात माना डोलावल्या.

महाराज मोठे हट्टी. "ठकूबाई, बोललीस ते सिद्ध कर. साक्षीदार आणायचा नाही, कोणाच्या घरात शिरायचं नाही, आणि कोणाचं नाव घ्यायचं नाही. खंडेनवमीपर्यंत मुदत. जमलं नाही तर हंडाही गेला आणि चाकरीही."

"आणि जमलं तर?"

"तोफा रद्द, सगळ्यांचे हंडे परत. वर तू मागशील ते."

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. त्या दिवशी दारूखान्यातल्या बाईने आधी तोफांना आणि मग दरबारच्या मंडळींना ओवाळायचे, असा गडाचा रिवाज होता. मानकरी नटूनथटून आले. प्रत्येकाच्या खांद्यावर कोरी जरीची शाल, महाराजांच्याही. ठकूने तोफांना ओवाळले, निरांजनाची वात पुढे सारली आणि ती प्रधानजींसमोर येऊन थबकली.

"माफी असावी, एक सांगायचं राहिलं. शेटजींनी ज्या शाली वाटल्या ना, त्या दोन महिने आमच्या दारूच्या पोत्यांवर पडून होत्या. भुकटी जरीत पार मुरलीय. ठिणगी पडली तर माणूस उडून थेट महाराजांच्या साडूंच्या अंगणात पडेल. पण इथं तर कोणी शेटजींचं पानसुद्धा खाल्लेलं नाही. मग भ्यायचं कशाला?"

आणि तिने निरांजन वर उचलले.

पहिली शाल प्रधानजींची उडाली. सेनापतींनी आपली भिरकावली आणि स्वतः तोफेमागे दडले. एकाने घाईघाईत शालीबरोबर पागोटेही फेकले. बघता बघता दहा शालींचा ढीग पडला.

मल्लाप्पाशेटना ते बघवेना. एवढ्या मोलाचा माल पायदळी!

"साफ खोटं! शाली विणकराकडून थेट माझ्या घरी आल्या! अकराच्या अकरा मी माझ्या हातांनी धाडल्या!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मागून वाजंत्रीवाला फिसकन हसला.

"वा, साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला की!" महाराज म्हणाले. त्यांनी ढिगातल्या शाली मोजल्या. "पण ठकूबाई, या तर दहाच आहेत. अकरावी कुणाकडे गेली?"

ठकू खाली मान घालून वात सारखी करत राहिली.

"बोल ना."

"कसं बोलू महाराज? नाव घ्यायचं नाही, ही अट आपलीच."

महाराजांचा हात हळूच आपल्या खांद्यावर गेला. ती शाल नजराण्यात आली होती. नजराणा कोणाचा, हे विचारायची त्यांना सवय नव्हती. मग महाराज असे खदाखदा हसले की शिरपेच कानावर आला. शाल काढून त्यांनी ढिगावर टाकली.

"हरलो बाई! माग, काय हवं ते."

"या शालीच द्या."

दुसऱ्या दिवशी दारूखान्यातल्या अकरा बायका हंडे घेऊन नदीवरून परतल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हंड्याखाली जरीच्या शालीची चुंबळ होती. महाराजांची शाल ठकूच्या वाट्याला आली होती, पोचा आलेल्या हंड्याखाली.