शिपायांचा कौल
लढाई थांबली. सरदार रायाजी राहणार की जाणार हे रयतेने ठरवावे, असे शेजारच्या तीन राज्यांनी ठरवले आणि पाहायला दूत पाठवले.

सरदाराने सभेभोवती शिपाई उभे केले. "ज्याला मी नको असेन, त्याने हात वर करावा!"

एकही हात हलला नाही.

"पाहिलंत, दूतहो?"

म्हातारी साळूबाई उठली. तिचा मुलगा सरदाराच्या कोठडीत होता. "सरकार, शिपाईही रयतच. त्यांच्या एका हातात भाला, दुसऱ्यात ढाल. बिचाऱ्यांनी हात वर करायचा कसा?"

दूतांनी माना डोलावल्या. सरदार हसला. "शिपाई तर माझेच! ठेवा रे सगळं खाली. बोला, मी कोणाला नको?"

सगळ्या गावाचे हात वर गेले. शिपायांचे त्याआधीच गेले होते.