तुऱ्यावरची खाच

सोजरबाईंच्या सासऱ्यांनी जन्मभर सांभाळलेल्या तांबड्या कोंबड्यांना अखेर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पण नाव पडलं ‘रणनवरे तांबडी’. रणनवरे साहेब मान्यता समितीचे अध्यक्ष होते. सासऱ्यांकडून ‘बघून परत देतो’ म्हणून नेलेला कोंबडा समोर ठेवूनच त्यांनी जातीची लक्षणं लिहिली होती. कोंबडा काही परत आला नाही.

नावाचा कडू घोट सोजरबाईंनी गिळला आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात आपला कोंबडा मांडला. साहेबांनी त्याचा तुरा बोटानं चाचपला आणि पिंजरा बाजूला सारला.

“बाई, हा अस्सल नाही. अस्सल कोंबड्याच्या तुऱ्याला मागं खाच असते. माझे बघा, सगळ्यांना आहे.”

“जन्मतःच असते का हो, साहेब?”

“अलबत! रक्तातच असते ती.”

“रक्तात कुठली? आमचे मामंजी कात्रीनं पाडायचे ती, चोरीला गेलेला कोंबडा ओळखता यावा म्हणून. ते गेले आणि कात्रीही थांबली. मग तुमच्या सगळ्यांना ती कुठून आली? ही खाच दुसऱ्याच्या खुराड्यात दिसली, तर आमच्या गावात त्या माणसाला चोर म्हणतात. तुमच्यात अध्यक्ष म्हणतात वाटतं?”

मांडवात हशा पिकला. साहेबांनी घाईघाईनं आपले पिंजरे गोणपाटानं झाकायला लावले.

पुढल्या वर्षी समितीनं लक्षणांतून खाच तेवढी काढून टाकली; नाव रणनवऱ्यांचंच राहिलं. सोजरबाई म्हणाल्या, “खूण पुसली, कोंबडा ठेवून घेतला. आता कुठं चोरी पचली.”