पाठीवरची लेक

दिवाणांच्या दारावरचा पहारेकरी रायाजी तान्ही लेक पाठीशी बांधून पहारा देई. बायको भिवरा सुईण. गावभर बाळंतपणं करून दमलेल्या तिला घरी तरी घटकाभर पाठ टेकता यावी, म्हणून.

एका सकाळी दिवाणांच्या सुनेला कळा लागल्या. ओटीवर येरझाऱ्या घालता घालता दिवाण रायाजीवर कडाडले, “मिशा ठेवून बायकांची कामं करतोस? आत्ताच्या आत्ता पोर आईकडे देऊन ये, नाहीतर नोकरी गेली समज!”

रायाजी मुजरा करून थेट माजघराकडे निघाला.

“अरे, तिकडे कुठे?”

“हिची आई तिथंच आहे सरकार, सूनबाईंपाशी. पोर तिच्या हातात देतो. बाळंतपण तेवढं आपण उरका.”

दिवाणांनी रायाजीचा भाला स्वतः धरला आणि मुलाला हाक मारली, “चिरंजीव, पगडी उतरवा! याच्याकडून पोर पाठीशी बांधायला शिकून घ्या.”