गाण्यात सोडलेली जागा

डोंगरापलीकडच्या एका लहानशा शहरात निळकंठ नावाचा गिटारवाला राहत होता. त्याच्याइतक्या वेगाने बोटं कोणाचीच चालत नसत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तो इतका चढवायचा की तारा गुरगुरायला लागत. लोक टाळ्या वाजवत. पण गाणारे एकदा येत आणि परत फिरकत नसत. त्यांचे शब्दच कोणाला ऐकू जात नसत. निळकंठ एकटा वाजवायचा, एकटा जेवायचा. कधी दार वाजल्यासारखं वाटून उठायचा, तर दारात कोणी नसायचं.

एके दिवशी मात्र खरंच दार वाजलं. वाचनालयात काम करणारी सुमित्रा आली होती. तिचा भाऊ त्याच वर्षी वारला होता. त्याने रचलेलं एक संथ रॉक गाणं तिला त्याच्या स्मरणसभेत गायचं होतं.

"माझा आवाज लहान आहे," ती म्हणाली. "सांभाळून घ्याल?"

सरावाला बसल्यावर दोन ओळींतच ती थांबली. "निळकंठराव, मला माझंच गाणं ऐकू येत नाहीये."

तो चिडला. "मग वाजवूच नको का?"

"वाजवा ना. पण तो गुरगुराट बंद करून बघा."

त्याने कळ फिरवली. आवाज स्वच्छ झाला आणि निळकंठ दचकला. एक सूर कापत होता, दुसरा शेजारच्या तारेला घासून येत होता. इतकी वर्षं हे सगळं गोंगाटात लपलं होतं. त्याला लाज वाटली.

पुढचे तीन आठवडे तो घरी एकटाच बसला. हलक्या हाताने एक सूर छेडायचा, तो विरेपर्यंत ऐकायचा, मग तळहाताने तार शांत करायचा. त्या शांततेत खोली फार रिकामी वाटे. कितीदा तरी त्याचा हात पुन्हा त्या कळीकडे गेला आणि मागे आला.

स्मरणसभेला सभागृह भरलं. तिसऱ्या कडव्यात सुमित्रा मधेच थांबली. मागून कोणीतरी ओरडलं, "निळकंठ, होऊन जाऊ दे!"

त्याची बोटं शिवशिवली. एक वेगवान तुकडा वाजवला असता, तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता.

त्याने एकच सूर छेडला आणि हात थांबवला. सूर विरत गेला. मग त्याने तोच सूर पुन्हा, आणखी हळू छेडला. सुमित्राने डोळे पुसले आणि पुढची ओळ उचलली.

कार्यक्रम संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. निळकंठला कोणी काही बोललं नाही. तो गिटार पिशवीत भरत होता, तेवढ्यात सुमित्राची म्हातारी आई त्याच्याजवळ आली.

"माझ्या लेकाचा एकेक शब्द ऐकू आला हो," ती म्हणाली. "तुम्ही कुठे बसला होतात?"

निळकंठला क्षणभर टोचलं. मग तो हसला. "तिच्या शेजारीच होतो, आजी."

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याच्या आवाजाला जागा देता आली, तरच त्याला आपली सोबत होते.