भिवरा कासारणीचा हात

नदीवर पूल नव्हता, माणसं नावेतून ये-जा करत होती, तेव्हाची ही गोष्ट. करंजघाट नावाच्या गावात भिवरा नावाची कासारीण राहत होती. ती बायकांना बांगड्या भरायची. तिचा हात इतका मऊ होता की काचेची बांगडी मनगटात कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही, असं म्हणतात.

त्याच गावात तुळसा नावाची कुंभारीण होती. तिची पंचेचाळीशी उलटली, पाळी जायला लागली, आणि तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. भर थंडीत ती पदराने वारा घ्यायची. बसल्या जागी छाती धडधडायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही, उगाच रडू यायचं. आपल्याला काय होतंय, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

त्या वर्षी भट्टीतली मडकी तीन वेळा तडकली. जाणती माणसं जमली आणि म्हणाली, "भट्टीची आग हिच्या अंगात शिरलीय. म्हणून मडकी टिकत नाहीत." मग ठरलं, तुळसाला डोंगरावरच्या देवीपाशी नेऊन सोडायचं. तिथे सोडलेली बाई परत आलेली कुणाला आठवत नव्हती.

निघताना सवाष्णीचे हात भरायचे, ही रीत. म्हणून भिवराला बोलावलं. जुन्या बांगड्या उतरवल्या. दारात गाडी जुंपलेली होती. तुळसा आपल्या घराच्या भिंतींकडे एकटक बघत होती.

भिवराने तिचा हात हातात घेतला आणि ती थांबली. हात तापल्या खापरासारखा होता.

"भर की गं लवकर," तुळसाची धाकटी जाऊ ठकूबाई म्हणाली. "बैलं खोळंबलीत."

"बैलं सोडा. हात सुजलाय. बांगडी चढायची नाही."

"मग जाऊ दे तशीच."

"रिकाम्या हातांनी? थोरल्या दिराच्या जिवावर उठलीस का गं बाई?"

ठकूबाईने जीभ चावली. तुळसाच्या नवऱ्याने, रावजीने, मुकाट्याने बैल सोडले.

भिवरा रोज यायची. खोबरेल कोमट करून तुळसाचं मनगट, तळवा, एकेक बोट हळूहळू चोळायची. मग पाय मांडीवर घ्यायची आणि काशाच्या वाटीने तळपाय घासायची. घासता घासता तेल काळं व्हायचं. तुळसा म्हणायची, "माझ्यातली आग तुला लागेल गं." भिवरा म्हणायची, "लागू दे. नदी आहे ना."

घरी जाताना ती नदीत हात बुडवायची आणि पाण्यावरून वाफ उठायची. वाफ पांढरी, दाट, पैलतीरापर्यंत जायची. नावाडी नाव थांबवून बसायचा. असं म्हणतात.

आणि रोज ठकूबाई विचारायची, "उतरली का सूज?"

"अजून नाही," भिवरा म्हणायची.

असे एकवीस दिवस गेले. तुळसाच्या अंगातून वाफा अजून यायच्या, पण यायच्या आणि जायच्या. आता तिला त्यांचं भय वाटेना. एका दुपारी भिवराच्या हातात पाय ठेवूनच ती झोपली. किती दिवसांनी झोपली! जागी झाली तर भिवरा तशीच बसलेली.

"मला काय होतंय ते तुला कसं कळलं?" तुळसाने विचारलं.

"मलाही पाच वर्षं असंच होत होतं. पाळी जाताना होतं ते बाई, भट्टीबिट्टी काही नाही." मग तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाली, "माझा हात कुणी धरला नाही."

रावजी दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. तो आत आला, खाली बसला आणि म्हणाला, "यंदा मातीच खारट होती. मला ठाऊक होतं. चारचौघांत बोललो नाही."  तुळसाने आपले दोन्ही हात भिवरापुढे केले. बांगड्या पाण्यात मासा जावा तशा गेल्या. रावजीने चारचौघांत जाऊन खारट मातीचं सांगितलं, आणि गाडी काही पुन्हा जुंपली गेली नाही.

पुढे भिवरा म्हातारी झाली, आणि एका पहाटे धुक्यातून नदीकडे गेली ती परत दिसली नाही. ती धुक्यातच विरली, असं म्हणतात.

करंजघाटात आजही एखादी बाई काम करता करता थबकते, पदराने वारा घेते आणि म्हणते, "भिवराआई आली गं." मग जी जवळ असेल तिने हातातलं टाकून तिचा हात धरायचा. सासू असो, सून असो, सकाळपासून अबोला असो, आधी हात धरायचा, मग हवं तर भांडायचं. आणि घरातला पुरुष काही विचारत नाही. उठतो आणि चुलीवरचं भांडं खाली उतरवून ठेवतो.