दाब कलम आणि महाराजांचा पलंग

"कुणीतरी आमची बदनामी करतंय!" महाराज कडाडले. सगळा दरबार आपापल्या पायांकडे पाहू लागला.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. महाराज दुपारी तळ्याकाठच्या दालनात झोपत आणि धुण्याच्या आवाजाने त्यांची झोपमोड होई. म्हणून हुकूम निघाला होता: महाराजांच्या पलंगापर्यंत आवाज पोचेल अशा ठिकाणी कुणी धुणं आपटायचं नाही. परटिणी बोचकी घेऊन लांबच्या ओढ्यावर जात आणि घरोघरी महाराजांच्या नावाने बोटं मोडत.

मी तेव्हा दरबारातला सगळ्यात तरुण आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा कारकून. गोव्यात पाद्रीबाबांपाशी शिकलेलो. लगेच पुढे झालो.

"महाराज, प्रोपगंडा करावा. रोममध्ये धर्म पसरवायला या नावाची मोठी कचेरीच आहे."

"मग करा. पौर्णिमेपर्यंत घरोघरी आमचं कौतुक झालं पाहिजे. नाहीतर पंत, गाढवावरून तुमची धिंड. आणि दिलेला हुकूम आम्ही मागे घेत नसतो."

मी मजकूर लिहिला. दवंडीवाल्या रावबाने तो चौकाचौकांत ओरडून सांगितला: 'प्रजेच्या काळजीने ज्यांना झोप लागत नाही, असे आमचे महाराज!' लोक पोट धरून हसले. मला मात्र ते वाक्य फार आवडलं होतं.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. मी राजबागेत डोकं धरून बसलो होतो. शेजारी माळ्याची मुलगी येसू जाईची फांदी वाकवून मातीत दाबत होती.

"पंत, गाढव पसंत केलंत का?"

"थट्टा करू नकोस. तुला प्रोपगंडा म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?" गळ्याशी आलं तरी शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. "मुळात तो मळ्यातला शब्द. वेलाची फांदी मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की नवा वेल. त्यावरून पुढे मतं पसरवणं."

"म्हणजे दाब कलम. मग तुम्ही फांदी कुठे दाबलीत? तुम्ही नुसती फुलं वाटत सुटलात. तीही कागदाची."

"फांदी आणू कुठून?"

"ज्याचा वेल, त्याच्याकडून. चला."

दरबारात येसू म्हणाली, "महाराज, तुमच्या कौतुकाचं कलम बांधायचंय. लोकांना आवडलेलं तुमचं एखादं काम सांगा."

महाराज आठवू लागले. प्रधानही आठवू लागले.

"पुतळा," प्रधान म्हणाले.

"तो आमचाच आहे," महाराज पुटपुटले.

"मग नवी फांदी फुटू द्या. तळ्याच्या घाटावर पुन्हा धुणं होऊ द्या."

"हुकूम हलणार नाही!"

"हुकूम नका हलवू, महाराज. पलंग हलवा."

महाराजांनी हुकूम मागवला, दोनदा वाचला आणि भोयांना हाक मारली. पलंग घाटापासून लांब, बागेकडच्या दालनात गेला. दुसऱ्या दिवशी घाटावर धुणं दणदणू लागलं. पौर्णिमेला परटिणी घरोघरी घड्या पोचवायला गेल्या. परटीण जात नाही असं घरच नव्हतं, आणि प्रत्येक ओसरीवर एकच गोष्ट: "आमच्यासाठी महाराजांनी पलंग हलवला!" महाराजांचे कपडे घेऊन आलेल्या परटिणीने ती खुद्द महाराजांनाही रंगवून सांगितली.

महाराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. तळ्याकाठचा मळा त्यांनी येसूला इनाम दिला. माझी धिंड टळली, गाढवही वाचलं.

रावबाने गळ्यातला ढोल उतरवला. "बरं झालं बाई," तो येसूला म्हणाला. "ओरडून ओरडून मलाच पंतांचं ते वाक्य खरं वाटायला लागलं होतं."