कासवांचा होकार

फार जुन्या काळी एका तळ्यातलं छोटं बेट खचू लागलं आणि तिथल्या खारींचं बिऱ्हाड धोक्यात आलं. झिपरी नावाची तरणी खार म्हाताऱ्या कासवाकडे धावली. "आजोबा, आम्हाला पाठीवरून काठाला न्या!"

कासवाने मान डोलावली. "ठरलं!" म्हणत झिपरीने सगळ्या खारी पाण्याशी आणल्या, तरी कासव हलेना.

"मान डोलावलीत ना?"

"ऐकलं म्हणून डोलावली, पोरी. अजून बाकीच्यांना विचारायचंय."

दोन दिवस ते एकेका कासवाला विचारत फिरलं. झिपरी चरफडली, "तोवर बेट बुडेल, मग आम्हाला पोहायलाच शिकवा!"

तिसऱ्या सकाळी मात्र कासवांचा अख्खा पूल तयार होता. कोणी कुठे थांबायचं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"चला!" झिपरी ओरडली. आता खारी हलेनात.

"पाठी निसरड्या आहेत," मावशी फणकारली. "आणि आम्हाला कुणी विचारलंय?"

पायाखालची माती सरकली. झिपरी ओठ चावून खाली बसली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "बरं मावशी, तुझं काय म्हणणं आहे?"

मावशीचं म्हणणं चांगलंच लांबलं. पण नंतर एकही खार मागे राहिली नाही.